सातवी लेव्हल

"'खेळात काही खोट नाही, तुमचे हात सुधारा.' असं लिहू?" शीतलनं विचारलं, आणि मी तोंड उघडायच्या आत बटण दाबलंसुद्धा.

"अरे थांब की! गिऱ्हाईक आहे ते."

"गिऱ्हाईक आहे म्हणून काय पाया पडू? सातव्या लेव्हलला चाळीस वेळा पडलो म्हणतोय. चाळीस वेळा पडणाऱ्यानं लगोरी खेळावी, मर्दा."

बुधवारची सकाळ होती. आमचा खेळ बाजारात येऊन चार दिवस झाले होते, आणि इचलकरंजीत शीतलच्या घरच्या, मगदूमांच्या मागाच्या शेडवर जी खोली आहे तिथं बसून आम्ही दोघं लोकांचे अभिप्राय वाचत होतो. खाली चोवीस यंत्रमाग धडधडत होते. त्या आवाजात बोलायचं म्हणजे ओरडायचं. दोन वर्षांत आम्हाला त्याची इतकी सवय झाली होती की आम्ही हॉटेलात गप्पा मारायला लागलो की शेजारच्या टेबलावरचे लोक भांडण लागलं म्हणून वळून बघायचे. शीतल हे आमच्या भागातल्या जैनांत मुलाचं नाव असतं, हे पुण्यामुंबईकडच्यांना दर वेळी सांगावं लागतं, म्हणून इथंही सांगून टाकतो. हा शीतल सहा फुटी होता आणि नावाचा गुण त्याला औषधालाही लागला नव्हता.

खेळाचं नाव 'धोटा'. मागावर सूत पोटात घेऊन इकडून तिकडं पळतो तो धोटा. आमच्या खेळात चिंगी नावाची पोरगी एका अवाढव्य मागावर चढत जाते. प्रत्येक लेव्हलच्या सुरुवातीला तिला मोजके दोरे मिळतात. ते कुठं बांधायचे, कुठं पूल करायचा, हे आधी डोकं लावून ठरवायचं आणि मग धावत, उड्या मारत वर जायचं. प्रोग्राम माझा, लेव्हल शीतलच्या. तो कागदावर काही मोजायचा नाही. धोटे किती वेगानं पळवायचे, उडी नेमकी कधी लागायची, हे स्वतः खेळत खेळत हातानं ठरवायचा. तो "आता बसलं" म्हणाला की ते बसलेलं असायचं. सातवी लेव्हल त्याची सगळ्यात लाडकी. दोन पळते धोटे समोरासमोर येतात, त्या क्षणी एकावरून दुसऱ्यावर उडी मारायची. क्षण चुकला की चिंगी तळाला, बांधलेले दोरे तुटलेले, आणि पुन्हा पहिल्यापासून.

पहिल्या सहा लेव्हलचं लोकांनी तोंड भरून कौतुक केलं होतं. सातवी आली आणि सूर फिरला. "उडी लागतच नाही." "वेळेचा अंदाजच येत नाही." "हा खेळ नाही, सूड आहे," असं ब्राझीलमधून कुणीतरी लिहिलं होतं. नागपूरच्या एका गृहस्थानं तर स्वतःचं नावच 'सातवी नापास' करून घेतलं होतं आणि तो रोज हजेरी लावल्यासारखा लिहायचा. चाळीस वेळा पडलेला तो हाच. त्याच्या लिहिण्यात राग नव्हता. "दोरे बांधण्यात ज्याचं डोकं इतकं सुंदर चालतं, तो माणूस उडीच्या बाबतीत असं का करतो, एवढंच मला जाणून घ्यायचं आहे," असं त्यानं लिहिलं होतं. शिव्यांपेक्षा मला तेच जास्त लागलं होतं.

शनिवारी शंभरातले ब्याऐंशी लोक खूश होते. बुधवारी अठ्ठावन्न.

आप्पा, म्हणजे शीतलचे वडील, वर आले. डोक्यावर कापसाचे तंतू, हातात तेलाची चिंधी. रोज या वेळेला ते येऊन एकच प्रश्न विचारायचे.

"काय म्हणत्यात लोक?"

"शिकायलेत अजून," शीतल म्हणाला.

"कोण? तू का लोक?"

मी हसू दाबलं. शीतलला हसू आलं नाही. आप्पांनी त्याला दोन वर्षं दिली होती. पोरगा इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष सोडून खेळ करत बसलाय, हे त्यांनी घरच्या सगळ्यांशी भांडून चालवून घेतलं होतं. ती मुदत येत्या सोमवारी संपत होती. लोकांनी बरं म्हटलं तर खोली आमची. नाही म्हटलं तर खोलीत धोट्यात बसणाऱ्या सुताच्या कांड्या भरायचं मशीन चढणार आणि शीतल कायमचा खाली शेडमध्ये उतरणार. मशीन येऊनसुद्धा पडलं होतं. प्लॅस्टिकात गुंडाळून ते जिन्याच्या तोंडाशी ठेवलं होतं आणि आम्ही रोज त्याला वळसा घालून वर यायचो.

"सोमवारी चार माणसं सांगून ठेवलीत," आप्पा म्हणाले. "मशीन जड आहे."

"चढवायची येळच येणार न्हाई, आप्पा."

"मला कशाला सांगतोस? त्यास्नी सांग," असं म्हणून त्यांनी स्क्रीनकडं बोट दाखवलं आणि ते खाली गेले.

गुरुवारी शीतलचं ते "हात सुधारा" गावभर झालं. गावभर म्हणजे जगभर. कुणीतरी त्याचा फोटो काढून फिरवला आणि ज्यांनी खेळ विकत घेतला नव्हता तेही येऊन आम्हाला चार शब्द सुनावून गेले. संध्याकाळपर्यंत आकडा एकोणपन्नासावर आला आणि त्याचा रंग तांबडा झाला.

"ऐक," मी म्हणालो. "उडीची वेळ जराशी सैल करतो. दहा मिनिटांचं काम आहे. कुणाला कळणारसुद्धा नाही."

"मला कळंल."

"शीतल, सोमवार चार दिवसांवर आलाय!"

"सोमवार आला म्हणून चांगलं ते वाईट करू?" त्यानं खुर्ची माझ्याकडं वळवली. "मला जमतंय. ह्या खोलीत आठ पोरं खेळून गेली, आठांना जमलं. जगालाच काय धाड भरलीय? तुला जमतंय न्हवं? तुझ्यासारख्या लाकडी हाताला?"

"जमतंय की," मी म्हणालो.

"झालं तर मग. उद्या व्हिडिओ काढू. शुक्रवार हाय, माग बंद. आवाजाचा तरास न्हाई. मी सातवी खेळून दाखवतो, बोलून समजावतो. एकदा बघितलं की तोंडं बंद हुतील."

आमच्या गल्लीची वीज दर शुक्रवारी सकाळपासून दुपारी तीनपर्यंत बंद असायची. माग थांबायचे, कामगार बाजाराला जायचे, आणि आम्हीही दोन वर्षं इमानेइतबारे शुक्रवारची सुट्टी पाळत आलो होतो. मिसळ खायची, केस कापायचे, नदीवर जायचं. बाकी सहा दिवस, दोन्ही पाळ्यांत, माग चालू आणि आम्हीही चालू.

त्यामुळं त्या शुक्रवारी बारा वाजता खोलीत पाऊल टाकलं तेव्हा मला परक्या घरात आल्यासारखं वाटलं. खाली पत्र्यावर कबुतरं पंख झाडत होती तेही ऐकू येत होतं. शीतल इस्त्रीचा शर्ट घालून, भांग पाडून बसला होता. मी मोबाइल खोक्यांच्या उतरंडीवर टेकवला आणि चालू केला.

"नमस्कार. मी शीतल मगदूम. ही लेव्हल मी केलीय. आता नीट बघा."

दोरे त्यानं झोकात बांधले. चिंगी धावली. पहिला धोटा, दुसरा धोटा, उडी, आणि चिंगी तळाला.

"हं. परत घे."

परत घेतलं. परत पडली. तिसऱ्यांदा तो हसला, "बोलायच्या नादात चुकलं," म्हणाला. चौथ्यांदा बोललाच नाही, तरी पडली. दहाव्यांदा त्यानं शर्टाच्या बाह्या वर सारल्या. विसाव्या वेळी मला म्हणाला, "ते मोबाइल बंद कर."

मी बंद केला. त्यानं तळवे पँटला पुसले आणि पुन्हा सुरुवात केली. मी बाजूला उभा राहून नुसता बघत होतो. त्याची बोटं मी दोन वर्षं बघत आलो होतो. झोपेतसुद्धा चुकणार नाहीत अशी बोटं होती ती, आणि आज ती कधी उडीच्या आधी पडत होती, कधी नंतर. कबुतरांशिवाय कशाचाही आवाज नव्हता. लॅपटॉपची बॅटरी निम्म्यावर आली.

"तू काल काही बदललंस?" त्यानं मागं न बघता विचारलं.

"आईशप्पथ, हात लावलेला नाही."

"मग माझ्या हाताला काय झालंय?" त्याचा आवाज चिरकला. एवढ्या वर्षांत मी तो आवाज ऐकला नव्हता. "लोकांना सांगतोय हात सुधारा. तू बस बघू. तू खेळ."

"तुला जमत नाही तिथं माझं काय," मी म्हणालो आणि खिडकीपाशी जाऊन उभा राहिलो.

तो खेळत राहिला. अडीच वाजले. तीनला पाच कमी. बॅटरीचा तांबडा दिवा लागला. तेवढ्यात वरचा पंखा गरगरला. वीज आली होती. बाजारातून माणसं परतली नव्हती, पण आप्पा शेडमध्येच होते. त्यांनी नेहमीप्रमाणं आमच्या खिडकीखालचा चार नंबरचा माग आधी सुरू केला. खटक्, खटक्, खटक्, मिनिटाला दीडशे. शीतलचं लक्ष चार्जरची वायर शोधण्यात होतं, बोटं सवयीनं बटणांवर होती. पहिला धोटा, दुसरा धोटा, उडी.

चिंगी पलीकडं उभी होती.

तिथून पुढच्या चारही उड्या त्यानं जवळजवळ न बघता मारल्या आणि सातवी लेव्हल संपली. त्याला आनंद झाला नाही. तो माझ्याकडं बघत राहिला, मग उठून त्यानं माझे हेडफोन घेतले, कानांवर घट्ट बसवले आणि मोठ्यांदा गाणं लावून पुन्हा खेळायला बसला. पडला. पुन्हा पडला. हेडफोन काढले, आणि पहिल्या झटक्यात पार.

"चार नंबर," तो म्हणाला.

"काय?"

"माग, कौस्त्या! आपण चार नंबरच्या ठेक्यावर उडी मारतोय. दोन वर्षं झाली. मी धोट्याचा वेग बसवला तो ह्या आवाजावर बसवला. ती आठ पोरंबी इथंच बसून खेळली." त्यानं डोकं दोन्ही हातांत धरलं. "आणि ज्या बिचाऱ्यांच्या घराखाली माग न्हाई, त्यास्नी मी हात सुधारा म्हणतोय."

एरवी आम्ही हसून हसून लोळलो असतो. त्या दिवशी हसू आलं नाही. शीतल म्हणाला, "ती पडलेल्यांची यादी काढ."

कोण कुठल्या लेव्हलला, कधी, किती वेळा पडलं याची नोंद खेळ आपोआप आमच्याकडं पाठवायचा. ही सोय मीच लिहिली होती. शीतलनं आजवर त्या यादीकडं ढुंकून बघितलं नव्हतं, रडक्यांची वही म्हणायचा तिला. मी यादी उघडून त्याच्यासमोर ठेवली आणि चहा आणायला खाली गेलो. परत आलो तेव्हा त्यानं लॅपटॉप अर्धवट मिटला होता.

"किती पडल्यात लोक," एवढंच तो म्हणाला. चहा त्यानं तसाच ठेवला. मग म्हणाला, "लिहून घे. माझं इंग्रजी भांडायला पुरतं, माफी मागायला न्हाई."

मी लिहायला बसलो. तो खिडकीकडं तोंड करून सांगत होता. आम्ही हा खेळ यंत्रमागाच्या शेडवर बसून केला. मागाच्या ठेक्यावर आम्ही उडी बसवली आणि ते आमच्याच लक्षात आलं नाही. तुम्ही आठवडाभर सांगत होता, मी ऐकलं नाही, उलट तुमचा अपमान केला. तुमचे हात नव्हे, माझे कान चुकले. चूक माझी आहे.

"अजून काय घालायचं?" त्यानं विचारलं.

इथं मला एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. खेळ बाजारात यायच्या दोन महिने आधी, मार्चमधल्या एका रविवारी, मी जयसिंगपूरला आमच्या घरी सातवी लेव्हल खेळायला बसलो होतो. आई देवळात गेली होती, घरात कुणी नव्हतं. दुपारभर खेळलो आणि एकदाही पार झालो नाही. खोलीत जमणारी उडी घरी का जमत नाही, याचं मला नवल वाटलं. खरं तर नवल कमी आणि लाज जास्त. लाकडी हात, लाकडी हात म्हणून शीतल मला दोन वर्षं चिडवत होता. सोमवारी त्यानं विचारलं, "खेळलास घरी?" मी म्हणालो, "दोनदा पार केली." तो खुशीत येऊन म्हणाला, "तुला जमली म्हणजे कुणालाबी जमंल!" आणि सातवी लेव्हल आम्ही तशीच ठेवली.

"नको," मी म्हणालो. "पुरे एवढं."

"नीट आठव. कुणाला आधी शंका आली आसंल, कोण काय बोललं आसंल. राहिलं आसंल तर आत्ताच घालू. माफी अर्धवट नको."

माझी नजर स्क्रीनवर होती. तो माझ्याकडं बघतोय हे मला कळत होतं. आता बोललो तर त्याला किती राग येईल याचा मी हिशेब करत होतो, आणि बोललो नाही तर कुणाला काय कळणार आहे याचाही.

"नाही," मी म्हणालो. "काही राहिलं नाही."

"बरं," तो म्हणाला. "मग खाली नाव टाक. माझं एकट्याचं."

"दोघांचं टाकू की."

"का? तुझं का?"

"खेळ दोघांचा आहे म्हणून."

"आसं होय," तो म्हणाला. "नको. माझं एकट्याचं टाक."

मी टाकलं आणि पत्र पाठवून दिलं.

शनिवारी मी घाम गाळला. उडीची वेळ सैल केली. शीतलनं चार नंबरचा आवाज खिडकीतून टिपून घेतला आणि तो सातव्या लेव्हलमध्ये घातला. रविवारी सकाळी नवा खेळ लोकांच्या हातात पडला. त्या दिवसाचं मी काय सांगू! त्याचं भांडखोर वाक्य जितकं फिरलं नव्हतं तितकं ते माफीपत्र फिरलं. लोक मागाचा आवाज ऐकायला म्हणून खेळ घेऊ लागले. ब्राझीलवाल्यानं सूड मागं घेतला. 'सातवी नापास'नं लिहिलं, "पहिल्याच प्रयत्नात पास झालो. मगदूमसाहेब, मला जे जाणून घ्यायचं होतं ते कळलं. इतकी सरळ माफी मी माझ्या पन्नास वर्षांत वाचली नव्हती." ते मी दोनदा वाचलं. रात्री आकडा शहात्तरवर होता.

सोमवारी सकाळी मी पेढ्यांचा पुडा घेऊन गेलो. जिन्याच्या तोंडाशी मशीन नव्हतं. आप्पांनी चार माणसं लावून ते शेडच्या मागच्या बाजूला ढकलून दिलं होतं.

"जबान दिली हुती," ते म्हणाले. "खोली तुमची."

"शीतल वर आहे?"

आप्पांनी नुसती मान शेडकडं वळवली. आत मधल्या ओळीत, बनियन आणि अर्ध्या पँटवर, शीतल मागावर वाकून तुटलेला धागा सांधत होता. मी हाका मारल्या त्या आवाजात विरून गेल्या. शेवटी त्याच्या दंडाला धरून त्याला मागच्या अंगणात ओढून आणलं.

"इथं काय करतोयस? खोली दिली की आप्पांनी!"

"तुला दिलीय. जा, बस."

"डोकं फिरलंय का तुझं? लोक तुझं नाव घ्यायला लागलेत!"

त्यानं हात चिंधीला पुसले. सावकाश, एकेक बोट.

"शुक्रवारी यादी उघडून तू चहाला गेलास," तो म्हणाला. "तीत आपली मशीनंबी हुती. तुझा लॅपटॉप. अकरा मार्च, रविवार, दुपारी. सातवी लेव्हल. एकसष्ट वेळा."

जे सुचलं ते मी मूर्खासारखं बोलून गेलो. "तू हसला असतास रे."

"हसलो असतो की. आठवडाभर हसलो असतो, साऱ्या गल्लीला सांगून हसलो असतो. आणि मग दुरुस्त केलं असतं."

"चुकलं माझं, शीतल."

"दोनदा विचारलं तुला. वाटलं आत्ता सांगंल. दोघांचं नाव टाकू म्हणालास तेव्हा तर वाटलं, आता आलं तोंडावर." त्याच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं, रागाला मी सरावलेला होतो. "भांडण न्हाई आपलं. पण तुझ्यासंगं खेळ करायचा म्हणजे तू जमलं म्हणालास की मला यादी काढून बघावी लागणार. दर खेपंला. ते माझ्याच्यानं व्हायचं न्हाई."

त्यानं माझ्या हातातल्या पुड्यातला एक पेढा उचलला, "बाकीचे आप्पांस्नी दे," म्हणाला आणि आत गेला.

त्या खोलीत मी पुढं सहा वर्षं बसलो. पाच खेळ केले, सगळे एकट्यानं.